परण्याची गाडी ब्रेक सोडेना

"रशीदभाई, जळायचा वास येतोय आन् चाक नुसतं बोंबलतंय," असं म्हणत बाळासाहेब गॅरेजच्या दारात उतरले. बोंबलणारं चाक पुढचं डावं होतं. त्यातून बारीक धूरही निघत होता.

शिरूरला न्हावरे रोडवर माझं गॅरेज आहे. माझ्याकडे येतात ते पिकअप, दुधाचे टेम्पो, शाळेच्या व्हॅन. ही गाडी त्यातली नव्हे. दोन सीटची, छत उघडणारी, लाल, परदेशातून आलेली जुनी स्पोर्ट्स कार. शेवंतीचा एक सीझन चांगला गेला म्हणून निमोण्याच्या बाळासाहेबांनी ती पुण्यातून उचलली होती. पोटाखाली वीतभर जागा नाही, आणि निमोण्याच्या रस्त्याला एकेक स्पीडब्रेकर असा की बैलसुद्धा विचार करून ओलांडतो. पण हौस म्हटल्यावर आपण बोलायचं नसतं.

शिवाय मुलाचं लग्न आठवड्यावर आलेलं. कार्यालय न्हावऱ्याला, मुलगी दौंडची. आमच्याकडे लग्न लागायच्या आधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात, त्याला परण्या म्हणतात. एरवी घोडा असतो. आमचा नवरदेव स्पोर्ट्स कारमधून येणार, हे बाळासाहेबांनी दौंडच्या पाहुण्यांना सुपारी फुटली त्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

सोबत त्यांचे वडील आप्पा आले होते. आप्पांनी खुर्ची ओढून घेतली आणि गाडीला हात लागायच्या आत निकाल दिला. "ह्या बाळ्याला ब्रेकवरनं पायच उचलता येत न्हाई."

"मला सगळं येतं. त्या पुण्याच्या एजंटानं फसवलं," बाळासाहेब म्हणाले.

मी जॅक लावला. चाक हाताने फिरेना. चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते, ती डिस्क. ब्रेक दाबला की कॅलिपर नावाचा चिमटा दोन्ही बाजूंनी पॅड दाबून तिला धरतो आणि पाय काढला की सोडतो. इथे चिमटा सोडतच नव्हता. घासून घासून पॅड गुळगुळीत झाले होते. आवाज त्याचाच.

जुन्या गाडीत पहिला संशय कॅलिपरच्या पिनांवर. त्यांना गंज चढला की चिमटा अडकतो. मी पिना काढल्या. चांगल्या होत्या. तरी साफ केल्या, ग्रीस लावलं, पॅडवर पॉलिश पेपर मारला आणि नदीच्या पुलापर्यंत चक्कर मारून आलो. परत येईपर्यंत उजवं चाकही ओरडायला लागलं.

"आणली तवा येकच वरडत हुतं," आप्पा म्हणाले. "तुझा हात लागला आन् दोन झाली."

मी पुन्हा जॅक लावला. गिऱ्हाइकाचा बाप आहे, ऐकून घ्यायचं.

पण दोन्ही चाकं एकदम धरतात म्हणजे दोष चाकात नाही, वर कुठेतरी आहे. कॅलिपरला तेल सोडायचं छोटं निपल असतं, ते मी ढिलं केलं. तेलाची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं फिरलं. आता कळलं. पेडल दाबलं की तेल खाली येत होतं, पण पाय काढल्यावर वर परत जात नव्हतं. बॉनेट उघडून तेलाच्या डबीचं झाकण काढलं. आतलं रबर पुरीसारखं फुगलेलं, पुन्हा आत बसेचना.

माझ्या मनात आलं ते खरं की खोटं बघायला चहाच्या टपरीवरून ग्लासभर पाणी आणलं आणि त्यात डबीतले चार थेंब सोडले. गाडीचं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जातं. इथे वर तवंग आला, मटणाच्या रश्श्यावर येतो तसा.

"ह्यात दुसरं तेल कुणी घातलं?" मी विचारलं.

बाळासाहेबांनी एजंटाला शिव्या देत फोन काढला. तेवढ्यात आप्पा शांतपणे म्हणाले, "मी घातलं. डबीत कमी दिसलं."

"कुठलं घातलं आप्पा?"

"ट्रॅक्टरचं. दर शनवारी ट्रॅक्टरचं तेलपाणी बघतो, तवा हिचंबी बघायचो. वरडाया लागल्यावर जरा जास्तच घातलं."

आपल्याकडे शेतावर तेलाचा एक कॅन असतो. गिअरला तोच, हायड्रॉलिकला तोच, ट्रॅक्टरच्या ब्रेकलाही तोच, आणि उरलं तर दाराच्या बिजागरीला. ट्रॅक्टरला ते तेल मानवतं. गाडीच्या ब्रेकमधलं रबर त्याने फुगतं आणि तेलाची परतीची वाट बंद होते. आप्पांनी गाडीची काळजी घेतली होती, एवढंच झालं होतं. इतकी काळजी घरात दुसऱ्या कुणी घेतली असती तर मी चार शब्द सुनावले असते.

उपाय सोपा पण लांबचा. जिथे जिथे रबर आहे ते सगळं नवीन, पाइप धुवायचे, नवं तेल भरायचं. पुण्याला फोन केला. पार्ट मागवावे लागणार, लग्नानंतरच येणार.

बाळासाहेब म्हणाले, "परण्यात चालत्या माणसाच्या वेगानं तर न्यायचीय. तेवढं होऊ द्या."

"अडकली तर अडकली. पण फुगलेलं रबर फाटलं तर ही थांबायचीच नाही. पुढे तुमच्या भावकीतली पोरं नाचत असणार. मी चावी देत नाही."

"दौंडच्या पाहुण्यांना काय तोंड दाखवू?"

"पोरांचे हातपाय शाबूत असले की कुठलंही दाखवा."

बाळासाहेब लालबुंद झाले. मला वाईट वाटलं, पण चावी खिशातच ठेवली. मग आप्पा उठले. "ट्रॉलीत चढवू की."

मला हसू आलं. मग विचार केला, तर यात चूक काढायला जागा नव्हती. ऊस न्यायची ट्रॉली, तिचे बाजूचे फाळके काढले, वर गाडी चढवली, चारी चाकांना दगड लावले, दोरखंडाने आवळली. गाठी मी स्वतः ओढून बघितल्या. शेवंतीच्या माळांत दोरखंड झाकून गेले. परण्याला ट्रॅक्टरवर फेटा बांधलेले आप्पा, मागे उंचावर लाल गाडीत नवरदेव. गर्दीत शेवटी उभ्या असलेल्या माणसालाही तो दिसत होता. दौंडचे पाहुणे जेवायचे सोडून मोबाइलवर शूटिंग करत होते. मुलीचे मामा बाळासाहेबांना म्हणाले, "आमच्याकडं एवढं कुणी केलं न्हाई." बाळासाहेबांनी मान अशी हलवली की जणू पहिल्यापासून हेच ठरलं होतं.

पार्ट नंतर आले. मी मन लावून काम केलं. पुलापर्यंत चक्कर मारली, आवाज नाही, वास नाही. पेडलला पायाचा अंगठा टेकवला तरी गाडी जागेवर उभी.

न्यायला आलेले बाळासाहेब खूश झाले. म्हणाले, "मांडवगणच्या लग्नाला गाडी मागितलीय. आन् न्हावऱ्यातबी दोघांनी विचारलंय."

"खुशाल द्या. आता ब्रेकची काळजी नको."

"ब्रेकचं कोण विचारतंय? समद्यांना ट्रॉलीतच पायजे."

तर नव्या मिस्त्रींना माझं एकच सांगणं. काम चोख करा, पण त्याचा उपयोग होईलच असं धरून चालू नका. शिरूर तालुक्यातले सगळ्यात चांगले ब्रेक सध्या चाकांना दगड लावून मिरवताहेत.