म्हशीच्या पोटावरचा फुगवटा

आईनं अर्धवट ठेवलेल्या कामांपैकी एक तरी माझ्या हातून पुरं होईल असं मला वाटलं होतं. भिंतीवर टांगायचं एक कापडी चित्र. शिवण वाकळेसारखीच, तीन थरांची, पण पांघरायची नाही, नुसती बघायची. वर फिकट पिवळं सुती कापड, मधे तिचं जुनं लुगडं, मागं चादरीचा तुकडा. आणि पिवळ्या कापडावर काळे तुकडे कापून शिवलेली एक मोठी म्हैस. म्हैस मोडक्या छत्रीच्या कापडाची. "म्हशीचा रंग दुकानात मिळत न्हाय, छत्रीत मिळतोय," असं ती म्हणाली होती आणि माझी छत्री न विचारता कापली होती.

म्हैस शिवून झाली होती. राहिला होता तो तिन्ही थर एकत्र धरणारा धावदोरा. आईनं कडेपासून सुरुवात करून बोटभर अंतरानं फेऱ्यावर फेरे घातले होते. आतला फेरा म्हशीच्या पोटाच्या खालच्या भागावरून गेला होता आणि तिथंच ती थांबली होती. मग ती दवाखान्यात गेली, परत आली नाही. तिचा एकही टाका न हलवता उरलेलं शिवायचं आणि वर्षश्राद्धाच्या आधी चित्र बैठकीच्या खोलीत लावायचं, एवढंच मी ठरवलं होतं.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. कुठलीही गोष्ट करण्याआधी ती कशी करायची हे वाचण्याची सवय आहे. इथं वाचण्यासारखं फारसं सापडलं नाही, म्हणून फोनवर व्हिडिओ पाहिले. त्यातल्या सगळ्या बायका एकच सांगत होत्या: मधून सुरू करा, कापड बाहेरच्या बाजूला सारत जा, म्हणजे सुरकुत्या कडेला निघून जातात. मला ते पटलं. म्हशीच्या पाठीवरून मी सुरुवात केली. टाके वाईट नव्हते. रोज संध्याकाळी थोडं थोडं शिवत मी पोटापर्यंत आलो, आणि माझी ओळ आईच्या ओळीला भिडली तेव्हा दोन्हींच्या मधे कापड उरलं.

उरलं म्हणजे फुगलं. ती कडेकडून आत आली होती, मी आतून बाहेर निघालो होतो. मी सारत आणलेल्या कापडाला जायला वाटच नव्हती. म्हशीच्या पोटावर मुठीएवढा फुगवटा उभा राहिला.

मी ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली. फुगवटा गरम झाला, बसला नाही. टाचण्या लावल्या. माझे टाके उसवले, पुन्हा घातले. या खेपेला तो थोडा शेपटीकडं सरकला. परत उसवलं. पुस्तकाचं पान चुकीचं चिकटलं तर ते कसं सोडवायचं हे मला कळतं, कापडाचं काही कळेना. दोरा तोडताना एकदा मी मोठ्यानं शिवी दिली. त्या घरात ती ऐकायलाही कुणी नव्हतं, याचाच जास्त राग आला.

वर्षश्राद्धाच्या तयारीला बिद्रीहून मावशी आली. आईची धाकटी बहीण. चपला काढायच्या आधीच तिला पलंगावर पसरलेलं चित्र दिसलं.

"ह्ये कुणी शिवलंय?"

"आईनं. राहिलेलं मी शिवतोय."

"बाप्या माणूस सुई घिऊन बसलाय व्हय! बगू." तिनं हात फिरवला आणि हसायला लागली. "म्हस गाभण हाय की रं! पाचवा म्हैना तर असंल."

"मावशी, चेष्टा नको."

"मग रडू व्हय? मदनं का सुरू केलंस? वाकळ कडंनं शिवत्यात. लेकरागत तिला चारी बाजूंनी आत घ्यायची. कुणी शिकीवलं तुला?"

"फोनवर बघितलं."

"त्या फोनलाच टाक शिवून." मग तिनं पोटाखालच्या ओळीवर बोट ठेवलं. "उसव की आक्काचे टाके. खालची एकच वळ. कापड मोकळं हुतंय बग."

"तिचे नाही उसवायचे."

"का? पुजणार हाईस?"

तिनं सुई उचलली तेव्हा मी ती तिच्या हातातून काढून घेतली, जरा जोरातच. "बरं बाबा, तुजी आय, तुजी म्हस," म्हणून ती चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती बाजाराला गेल्यावर मी ब्लेड घेतलं. दुसरा उपाय नव्हता, आणि ते तिच्या डोळ्यांसमोर करायचं नव्हतं. पोटावरची आईची ओळ एकेक टाका करून उसवली. निघालेले दोऱ्याचे तुकडे इतके बारीक होते की ठेवायचे म्हटलं तरी ठेवण्यासारखे नव्हते. फुगवटा मात्र खरंच बसला. हातानं सारखं केलं तसं पोट सपाट झालं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटलं.

मग सुई ओवली आणि पाहिलं, तर छत्रीच्या कापडात भोकं तशीच राहिली होती. सुती कापड भोक बुजवतं, छत्रीचं बुजवत नाही. काळ्या पोटावर आईच्या सुईची पूर्ण वाट, रिकामी. शेजारून नवी ओळ घातली असती तर चित्र सपाट राहिलं असतं आणि ती भोकं कायमची उघडी दिसली असती. मी शेजारी दोन-तीन टाके घालूनही पाहिले. मग ते काढले आणि सुई तिच्याच भोकांतून घातली. एकातून वर, पुढच्यातून खाली. ओळ संपता संपता फुगवटा परत आला, थोडा लहान होऊन.

मावशी पिशव्या टेकवून माझ्या मागं उभी राहिली. "उसवलंस?"

"उसवलं."

"आनि परत तितंच घातलंस?"

"हो."

"शाना हाईस," ती म्हणाली, आणि हातोडी शोधायला लागली.

आता चित्र भिंतीवर आहे. खिडकीतून ऊन आलं की पोटाखाली सावली पडते आणि चूक लांबून दिसते. वर्षश्राद्धाला आलेल्या प्रत्येकानं जेवून हात धुतल्यावर जवळ जाऊन त्या फुगवट्यावर अंगठा दाबून पाहिला. मी प्रत्येकाला सांगत होतो, दाबू नका.