मामाच्या शेतातला नवा देव

टिटवीची अंडी कुणी पळवायच्या आत पिल्लं बाहेर येतात का, हे बघत रानोमाळ हिंडायचं, असा माझा एमएस्सीचा प्रकल्प. शहरात, उस्मानपुऱ्यातल्या खोलीत पंख्याखाली बसून मी झकास नियोजन केलं: कधी जायचं, कुठून बघायचं, एकाच वाटेनं पुन्हा जायचं नाही, कारण कावळे मेले माणसावर नजर ठेवून घरटं शोधतात. गंगापूरजवळ मामाच्या शेतात, ढेकळांत चार अंडी सापडली आणि मी नाचलेच. नियोजनात एकच गोष्ट धरली नव्हती. मामा.

“पेरणीआधी रोटा मारायचाय,” मामा म्हणाला. “ट्रॅक्टरवाला काय टिटवीला इचारून येणार व्हय?”

हातापाया पडले, रुसले, जेवले नाही. मामा ढिम्म. ट्रॅक्टर येणार आणि माझी अंडी मातीत जाणार.

निदान ट्रॅक्टरवाल्याला खूण तरी दिसावी म्हणून मामीच्या ट्रंकेतून एक लाल ब्लाउजपीस लांबवलं. ओटीत आलेली ही ब्लाउजपिसं आमच्याकडं कुणी शिवून घेत नाही, पुढच्या बाईच्या ओटीत घालतात. एक कमी झालं तर कुणाला कळतंय! घरट्यापासून जरा लांब काठी रोवली, बुडाशी धोंडा ठेवला, वर फडकं बांधलं आणि तोंड पाडून शहरात परतले.

ट्रॅक्टर येऊन गेल्यावर धाकधुकीनं गेले, तर काय! सगळं रान भुसभुशीत, मधला तुकडा जसाच्या तसा. धोंड्याला शेंदूर, पुढं फोडलेला नारळ. टिटवी अंड्यांवरून उठून माझ्यावरच ओरडायला लागली.

“कोणता देव हाय, देव जाणे,” मामा कुजबुजला. “तुझी मामी म्हणली, हात लावू नका. म्हणलं, कशाला इषाची परीक्षा?”

मला हसू आवरेना. पण नारळाशी दोन कावळे दिसले; खोबरं संपलं की अंडीच. त्यांना हाकललं, नारळ उचलला आणि गंभीर चेहऱ्यानं मामीला गाठलं. “मामी, या देवाला नारळ चालत नाय. बांधावरनंच हात जोडायचे.”

“बरं गं बाई,” मामी म्हणाली.

चारही पिल्लं निघाली, आईमागं तुरुतुरु पळाली. मी आनंदानं चक्क रडले. मग काठी उपटली आणि ब्लाउजपीस गुपचूप ट्रंकेत ठेवायला गेले, तर मामी दारात.

“धुऊन तरी ठेव. माझ्या भावजयीनं दिलेलं हाय, मला वळखू येत नाय व्हय?”

“मग तो शेंदूर? नारळ?”

“नुसत्या फडक्याला तुझा मामा भ्याला असता व्हय? आन धोंडा राहू दे तिथंच. पुढल्या साली टिटवी येईल, तवा परत शेंदूर कोण फासत बसंल?”