उडी मारणारा ठिपका

वेधशाळेत तिला सगळे भिंगताई म्हणत. आकाशाच्या एकाच तुकड्याचे, थोड्या वेळाच्या अंतराने घेतलेले दोन फोटो यंत्रात लावायचे आणि भिंगातून आलटूनपालटून बघायचे, हे तिचं काम. काचेच्या त्या प्लेटांवर तारे काळे उमटत, आणि ते जागचे हलत नसत. हललं, तर ते दुसरंच काहीतरी. बहुतेक दिवस काही हलत नसे.

त्या दुपारी कोपऱ्यातला एक ठिपका टुणकन बाजूला सरकला आणि तिनं डोळा भिंगापासून मागे घेतला. कितीतरी दिवस तिच्या उजव्या डोळ्यापुढे असेच काळे ठिपके तरंगत होते. तिनं ते कुणालाच सांगितलं नव्हतं. डोळ्यांवरच तर नोकरी!

डावा डोळा लावला की सोक्षमोक्ष लागणार होता. पण त्याला नाही दिसलं तर? तिनं भिंग पुसलं, घोटभर पाणी घेतलं, पुन्हा भिंग पुसलं. शेवटी डावा डोळा टेकवला.

ठिपका इथे. ठिपका तिथे.

"साहेब, जरा येता का?"

वेधशाळेचे प्रमुख वाकून बघत राहिले. "लघुग्रह दिसतोय. सरकतोय त्यावरून मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यातला असणार. पण आपल्याला माहीत असलेला एकही आत्ता या जागी नाही." ते सरळ झाले. "आणखी फोटो मिळाले तरच कक्षा काढता येईल. नाहीतर गेला हातचा."

आणि नेमकं आभाळ भरून आलं, ते हटेचना. भिंगताईला जेवण जाईना. दिसेल त्या खिडकीतून ती वर बघे.

अशातच एका सकाळी ती भिंतीवरचं बटण सारखं खालीवर करत होती. नवरा गेल्यापासून ती आणि तिची थोरली नणंद, अशा दोघीच राहत.

"अगं, दिवा लागलाय की! काय चाललंय तुझं?" नणंद म्हणाली.

"उजवीकडे काळोख आहे, वन्सं," ती म्हणाली आणि मटकन खाली बसली.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "डोळ्याच्या आतला पडदा सुटतोय. आजच दाखल व्हा."

"आभाळ मोकळं झाल्यावर दाखल झाले तर?"

"आधी डोळा, मग तुझा तो धोंडा!" नणंद कडाडली.

शस्त्रक्रियेनंतर, डोळ्यात सोडलेल्या वायूनं पडदा दाबून धरावा म्हणून, पालथं पडून राहायचं होतं. उशीत तोंड खुपसून ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी, "बाहेर आभाळ कसंय?" साहेब आले, तेव्हा तिला फक्त त्यांचे बूट दिसले. ते काही बोलेनात.

"सांगा ना. हरवला?"

"सापडला. आम्ही शोधत होतो त्याच्या बराच पुढे," साहेब म्हणाले. "धाप लागलीय हो, जिने चढून आलोय."

पुढे कक्षा ठरली. सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला साडेचार वर्षं लागतात. कोळशासारखा काळा, एखाद्या शहराएवढा, बटाट्यासारखा लांबट. स्वतःभोवती फिरताना कधी उजळ दिसतो, कधी मंद.

भिंगताईच्या उजव्या डोळ्याला आता सरळ रेघ वाकडी दिसते. काम डाव्यावर चालू आहे. रोज जाग आल्यावर ती आधी उजवा डोळा झाकते आणि डाव्यानं खिडकीचे गज निरखते.

"सरळ आहेत ना?" नणंद आतून विचारते. "मग ऊठ, चहा निवतोय."