देवाला वाळवंट बघायचं होतं

हिरासुख नेगीला बस सोसत नसे. दुसऱ्याच वळणाला पोटातलं सगळं शेजाऱ्याच्या मांडीवर. म्हणून हा किन्नौरचा साठीतला विधुर स्पितीच्या थंड वाळवंटातल्या पाल्झोमला मागणी घालायला सायकलवर निघाला. पाल्झोमही नवऱ्यामागं एकटीच. तिनं फोनवर बजावलं होतं, "मटार तोडून होईस्तोवर थांबेन. मग पोराबरोबर खाली रामपूरला, कायमची."

पण एवढ्या लांब जायचं तर गावच्या देवाला विचारायला हवं. ज्याच्या अंगात देव येतो तो ग्रोक्च घुमत घुमत म्हणाला, "मलाही वाळवंट बघायचंय. ने मला."

देवाला नाही कोण म्हणणार? देवाची चांदीची काठी, म्हणजे देवच, रेशमात गुंडाळून कॅरिअरला बांधली.

इथंच नेगी फसला. माणूस शीळ घालत गावावरून निघून जातो, देवाला तसं जाता येत नाही. देवदाराच्या जंगलात जितकी गावं तितके देव, आणि जो तो ढोल बडवत पाहुण्याला घ्यायला वेशीवर हजर. मग बोकड, जर्दाळूची दारू, मुक्काम.

"लग्नाची घाई आहे रे मला," नेगी काकुळतीला येई.

"मग तू हो पुढं, दादा. तुला कुणी धरलंय? देव राहू दे," गावकरी म्हणत.

निघताना यजमान देवाला पाठ दाखवायची नाही, म्हणून दर गावाची वेस तो सायकल उलटी ओढत ओलांडायचा.

नाको गावापुढं झाडं संपली, तसे देवही संपले. उरले दगड आणि वारा. नेगीनं छाती फुटेस्तोवर पायडल हाणलं.

ताबोला, पाल्झोमच्या गावी, तिच्या दारात ट्रक उभा होता, बोचकी चढलेली. मटाराचे वेलसुद्धा गुरांनी खाऊन झाले होते.

"आलात नेगीजी? मला वाटलं, आधी बर्फ येईल."

"देव बरोबर होता."

"मग त्याच्याशीच लावा लग्न."

नेगीनं कॅरिअरवरची काठी सोडली आणि आत नेऊन चुलीपाशी टेकवली.

पाल्झोमचा चेहरा उतरला. तिची आई किन्नौरची, तिला रीत ठाऊक. घरात टेकलेला देव स्वतःच्या तोंडानं सांगेल तेव्हाच उठतो, आणि तोवर घराला कुलूप घालता येत नाही.

"मग विचारा की, कधी उठतोय," पोरगा वैतागला.

"त्याला ग्रोक्च लागतो," नेगी म्हणाला.

"बोलवा त्याला."

"तो देवाला विचारल्याशिवाय गाव सोडत नाही. आणि देव तर इथं."

पोरानं आईकडं बघितलं. पाल्झोमनं नेगीकडं.

"हे घरनंच ठरवून निघालात का हो?"

"एवढी अक्कल असती तर मटाराआधी पोचलो नसतो?"

पाल्झोम पोराला म्हणाली, "माझी बोचकी उतरव. तू हो पुढं." आणि नेगीला, "देव चुलीपासून लांब सरकवा. रेशीम पेटेल."