कुलूपबंद खोलीतली गिटार

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. टूलरूममधला माणूस मी... जे मापात बसत नाही, ते आमच्याकडे रिजेक्ट.

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीची गोष्ट. चिंचवडच्या एका कंपनीत होतो. पिंपळे गुरवला घरमालकांच्या घरामागची खोली भाड्याने घेतली होती. गाव लातूरकडे, आई-वडील गेलेले, लग्न काही जमत नव्हतं. निघताना ‘येतो’ म्हणायला घरात कुणी नाही, याचं मला फार वाईट वाटायचं. नुसतं कुलूप लावायचं आणि सायकल काढायची.

पिंपरीच्या भंगारवाल्याकडून एक जुनी गिटार आणली. वाजवता येत नव्हती, पण सुट्टीच्या दिवशी हाताला काम हवं होतं. पोटाला चीर, कुणाचा तरी हात लागून लागून पॉलिश उडालेलं, आणि तारा चक्क उलट्या क्रमाने लावलेल्या, जाड खाली, बारीक वर. चीर सरसाने चिकटवली, त्याच तारा ताणल्या, खुंटीला अडकवली आणि कामावर गेलो.

परतलो तर मालकीणबाई, कमळाबाई, अंगणात तांदूळ निवडत होत्या.

"पावनं आलंय जनू तुमच्याकडं? दुपारभर वाजवत हुतं. लय ग्वाड वाजवतंय."

किल्ली माझ्या खिशात होती.

खरं तर घाबरायला हवं होतं. पण मला बरं वाटलं... दुसऱ्या दिवशी कुलूप लावताना आत बघून हळूच ‘येतो’ म्हणालो. मग रोजच म्हणायला लागलो. आणि रोज कमळाबाई सांगायच्या, आज बी वाजवलं.

एवढं कुणी मनापासून वाजवतंय, तर गिटार नीट करून द्यावी असं वाटलं. घासून काढली, नवं पॉलिश, नव्या तारा — आणि तारांचा क्रमही ‘सुधारला’. झकास दिसायला लागली.

त्यानंतर कमळाबाई वाजवल्याचं सांगेनात. शेवटी मीच विचारलं.

"न्हाई बा. गेलं वाटतं पावनं."

कंपनीतला फ्रान्सिस गिटार वाजवायचा. त्याला फक्त तारांचं सांगितलं. तो म्हणाला, "अरे राव, उलट्या कशाच्या? डावऱ्या माणसाची असणार ती. आता त्याला कशी वाजवता येईल?"

घरी येऊन तारा पुन्हा होत्या तशा लावल्या. घासून काढलेल्या त्याच्या हाताच्या खुणा मात्र मला परत आणता आल्या नाहीत. गिटार पुन्हा वाजली नाही.

बंद खोलीत कोण होतं, मला आजही सांगता येत नाही. मी अजून कुलूप लावताना ‘येतो’ म्हणतो. जाताना तोही म्हणाला असेल का? मी तेव्हा कामावर होतो.