नमस्कार, लेख वाचला

सकाळी ब्लॉगवर टाकलेल्या राजकीय लेखाखाली दुपारपर्यंत "एकच नंबर, साहेब!" अशा प्रतिक्रियांची रांग लागली. सगळे आमच्याच पक्षाचे. त्या चाळताना माझी नजर मात्र विरोधी पक्षाच्या एका निवृत्त मास्तरांना शोधत होती. त्यांची सुरुवात ठरलेली असे. "नमस्कार. लेख वाचला. पटला नाही." मग शांतपणे मांडलेले मुद्दे.

मागे आमच्यातल्या एकाने त्यांना आईवरून शिवी दिली. ती काढून टाकायला गेलेला माझा हात थांबला. म्हटलं, जाऊ दे, आपलाच माणूस आहे. पक्ष एक असला की शिवीसुद्धा घरची वाटते. त्यानंतर मास्तर फिरकले नाहीत. शिवी अजून तिथेच आहे.

आजच्या रांगेत कौतुक भरपूर आहे. लेख वाचला, असं कुणीच म्हटलेलं नाही.