विहीणबाईंचं मोठं जहाज

फ्रेमवाल्याला बाजारात सगळे काटकोन म्हणत. फोटोची फ्रेम करावी तर त्यानंच, असं लोक म्हणायचे. लाकडाच्या दोन कापलेल्या पट्ट्या जुळवून तो एक डोळा मिटायचा, दुसऱ्यानं सांध्यावरून नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "बसलं." बायको गेल्यावर त्यानं दुकानालाच घर केलं होतं.

दुकानाच्या माळ्यावर मुलाचा एक जुना खेळ पडला होता. बोटाएवढी अवकाशयानं, काही खडक, नियमांचं पुस्तक. लग्नानंतर मुलाचं त्यातलं मन उडालं. काटकोननं मात्र एकेक यान काढून रंगवायला घेतलं. एका रविवारी विहीणबाई, म्हणजे सुनेची आई, नातवंडांचा फोटो फ्रेमला द्यायला आल्या. रुग्णालयात उभा जन्म परिचारिका म्हणून काढलेली बाई. टेबलावरची यानं बघून म्हणाल्या, "हे काय मांडलंय व्याहीबुवा?"

"युद्ध आहे. पण लढायला समोर कोणी नाही."

"सरका," असं म्हणून त्यांनी स्टूल ओढलं. तेव्हापासून दर रविवारी फ्रेमा कापायच्या टेबलावर काळी मखमल पसरायची आणि व्याही-विहिणींची लढाई जुंपायची. सून आईला म्हणायची, "लोकांच्या विहिणी मानपानावरून भांडतात, तुम्ही कशावरून भांडाल देव जाणे!"

सुनेचं बोलणं खरं झालं. या खेळात जहाज, म्हणजे यान, हलवणं सोपं, नेम धरणं अवघड. जहाजाच्या बैठकीवर पुढच्या बाजूला एक कोन आखलेला असतो, त्या कोनात शत्रू असला तरच तोफ डागता येते. शिवाय एका बैठकीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत सरळ रेषा धरायची, आणि ती वाटेत खडकाला जरा जरी शिवली तरी नेम रद्द. ही रेषा काटकोन डोळ्यानं ठरवायचा. टेबलाला नाक लावून, एक डोळा मिटून. विहीणबाईंनी कधी शंका घेतली नाही. व्याह्यांचा डोळा म्हणजे ओळंबा.

त्या रविवारी काटकोननं विहीणबाईंच्या सगळ्यांत मोठ्या जहाजावर तोफ रोखली, वाकून बघितलं आणि म्हणाला, "मोकळं आहे. गेलं तुमचं जहाज."

"खडक आड येतोय."

"नाही येत. मी बघितलं ना!"

"मलाही डोळे आहेत."

"विहीणबाई, एका जहाजासाठी एवढं?"

"जहाजाचं काही नाही हो. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो."

चहा तसाच ठेवून त्या निघून गेल्या. काटकोननंही ताठ्यात टेबलावरचं काही हलवलं नाही. वर वर्तमानपत्रं पांघरली आणि आठवडाभर फ्रेमा जमिनीवर बसून कापल्या.

घरी विहीणबाईंचा राग ओसरला, पण एक गोष्ट मनातून जाईना. व्याही नेहमी डावा डोळा मिटून बघतात. त्या दिवशी त्यांनी उजवा मिटला होता. मग त्या भिंतीवरच्या नातवंडांच्या फोटोजवळ गेल्या. एरवी लक्षात आलं नसतं, पण फ्रेमच्या एका कोपऱ्यात फट होती आणि ती लांबीचा लेप भरून बुजवली होती.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात हजर. "डावा डोळा झाका," त्यांनी दारातूनच हुकूम सोडला आणि हात वर केला. "काय आहे हातात?"

काटकोन रुसलेलाच होता. "तुमचं लाडकं जहाज, दुसरं काय असणार!"

"आता दोन्ही डोळे उघडा."

त्यांच्या हातात त्याचीच डिंकाची बाटली होती.

काटकोननं बाटली हातात घेतली आणि खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "उजव्यासमोर धूर दिसतो. वाटलं, डोळा गेला म्हणजे धंदा गेला. कुणाला सांगायचं?"

"मला सांगायचं. मोतीबिंदू असणार. पिकलाय, काढून टाकू. त्यात कसला आलाय धूर न् जाळ?"

त्यांचं निदान बरोबर निघालं. शस्त्रक्रियेला त्या बरोबर गेल्या, थेंब घालायच्या वेळा सुनेला पाठ करायला लावल्या, आणि व्याह्यांनी डोळा चोळला की हातावर चापटी मारायलाही मागेपुढे पाहिलं नाही.

डोळा बरा झाल्यावर काटकोननं टेबलावरची वर्तमानपत्रं उचलली आणि किंचाळलाच. "ही जहाजं निळी कुणी केली?"

"तुम्हीच. मोतीबिंदूमुळे पांढरा पिवळट दिसायचा, म्हणून वर्षभर त्यात निळा मिसळत होतात."

"मग सांगितलं का नाही?" नीळ जास्त झालेल्या कपड्यांसारखी ती जहाजं तो हातात फिरवत होता.

"म्हटलं, तुमच्या ग्रहावर तशीच पद्धत असेल."

अडलेली लढाई पुढे न्यायची होती. विहीणबाईंनी शिवणाचा दोरा काढला. एक टोक काटकोनच्या हाती, एक स्वतःच्या. दोरा एका जहाजाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ताणला. तो खडकाच्या अगदी जवळून गेला, पण शिवला नाही.

"मोकळं होतं," विहीणबाई म्हणाल्या आणि आपलं मोठं जहाज उचलू लागल्या.

काटकोननं ते खाली दाबून धरलं. "डाव्यानं बघितलं होतं, त्यालाही धड दिसत नाही. तो नेम नव्हता, आंधळ्यानं मारलेला दगड होता. जहाज राहू द्या."

"दगड लागला ना? नियम तो नियम."

"अहो, माझी चूक मीच कबूल करतोय!"

"आणि मी माझा पराभव! सोडा जहाज."

त्यांच्या आवाजानं डबा घेऊन येणारी सून आत धावत आली आणि दारातच थबकली. दोघंही आपापल्या हरण्यासाठी हातघाईवर आली होती. शेवटी जहाज गेलंच. विहिणीशी वाद घालून कोण जिंकलंय?

काटकोननं जुन्या गिऱ्हाइकांना बोलावून वाकड्या फ्रेमा बदलून दिल्या. नातवंडांच्या फोटोला तर त्यानं सागवानी चौकट केली. डाव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेची पाळी थंडीत आहे. तोवर दोरा आहेच, आणि त्याचं दुसरं टोक ज्याच्यावर तोफ रोखली आहे त्यानंच धरायचं, असं ठरलंय. हल्ली मुलगाही येऊन बसतो. सासूबाई आणि बाप मिळून त्याची जहाजं पहिल्या तासातच संपवतात. मग तो चहा टाकतो, आणि ही दोघं खुशीत पुन्हा एकमेकांकडे तोंड वळवतात.